ट्रेझर आयलंड (चित्रपट, १९५०)

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या याच नावाच्या कादंबरीवर वॉल्ट डिस्ने यांनी काढलेला रंगीत चित्रपट. दिग्दर्शक बायरन हॅस्किन, छायाचित्रण फ्रेडी यंग. ॲनिमेशनचा आधार अजिबात न घेता सगळी कथा हाडामांसाच्या नटांकडून करून घेतलेला डिस्नेंचा हा पहिला चित्रपट. मूळ कथा १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १९३४ मध्ये हॉलिवूडमध्येही तिच्यावर बोलपट निघाला होता.

हा चित्रपट इंग्लंडमध्ये तयार झाला याचे कारण पैसा. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉलरची चणचण असल्याने परदेशी चित्रपटांची ब्रिटनमधली कमाई बाहेर नेण्यावर सरकारने निर्बंध घातले. डिस्नेंचे पौंड तिथेच अडकून पडले आणि ते तिथेच खर्च करणे भाग होते. मग डेन्हमचा स्टुडिओ घेतला, समुद्रावरच्या दृश्यांसाठी कॉर्नवॉलचा किनारा गाठला. जिथे खरे बेट किंवा बंदर मिळेना, तिथे चित्रकार पीटर एलेनशॉ यांची रंगवलेली दृश्ये कामी आली. कथेतल्या ‘हिस्पॅनिओला’ जहाजाच्या भूमिकेसाठी १८८७ मध्ये बांधलेले एक शिडाचे जहाज नव्याने सजवले होते.

खजिन्याच्या शोधात निघालेल्या कथानायक जिमचे काम करणारा अमेरिकन मुलगा बॉबी ड्रिस्कॉल तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्याकडे ब्रिटनमध्ये काम करण्याचा परवाना नसल्याने प्रकरण कोर्टात गेले आणि दंड झाला. अपिलाच्या मुदतीत त्याचे जवळून घ्यायचे प्रसंग घाईघाईने उरकले. ही धावपळ पडद्यावर कुठेही जाणवत नाही, याचे श्रेय त्या मुलालाच द्यायला हवे.

पण चित्रपट खरा कुणाचा, तर लाँग जॉन सिल्व्हर हा समुद्री चाचा (लुटारू) झालेल्या रॉबर्ट न्यूटन यांचा. एक पाय मागे दुमडून बांधलेला, काखेत कुबडी, खांद्यावर पोपट आणि गरगर फिरणारे डोळे. न्यूटन डॉर्सेटमध्ये जन्मले, कॉर्नवॉलमध्ये वाढले. सिल्व्हर ब्रिस्टल बंदरातला खाणावळवाला, म्हणून त्यांनी त्याच्या तोंडी नैऋत्य इंग्लंडचीच बोली घातली. शब्दातला ‘र’ घोळवत, ताणत ते असे बोलले की पुढे चाचा म्हटला की हाच आवाज, असे समीकरण झाले. आज जगभरची मुले चाच्याची नक्कल करताना जे ‘आर्र’ म्हणतात, त्याचे मूळ बहुतांशी या भूमिकेत आहे. दर १९ सप्टेंबरला गमतीने पाळल्या जाणाऱ्या ‘चाच्यांसारखे बोला’ दिवसाचे दैवतही न्यूटनच.

कादंबरीत सिल्व्हर परतीच्या वाटेवरच्या एका बंदरात नाण्यांची एक थैली घेऊन गुपचूप पसार होतो. जिमला ते नंतर कळते. चित्रपटात मात्र तो खजिन्यासह होडीत बसतो आणि पिस्तूल रोखून जिमला सुकाणू धरायला लावतो. जिम मुद्दाम होडी वाळूत रुतवतो. सिल्व्हर नेम धरतो, पण त्याच्याने गोळी झाडवत नाही. शेवटी तो एका पायावर, वाळूत धडपडत होडी ढकलू लागतो, तेव्हा जिम स्वतःच हात लावून ती पाण्यात लोटतो. मूळ पुस्तकापासून इतके दूर जाऊनही हा बदल पटतो, कारण दोघांमधली माया तोवर आपण पाहिलेली असते.

याच दिग्दर्शकाने न्यूटन यांना घेऊन ऑस्ट्रेलियात ‘लाँग जॉन सिल्व्हर’ (१९५४) केला. त्यात डिस्नेंचा हात नव्हता. मूळ चित्रपट १९७५ मध्ये अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित करताना लहान मुलांसाठीचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून त्यातली काही हिंसक दृश्ये कापली होती.