गाठीत दडलेला विस्तव

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या पोटातून दुपारी धूर निघू लागला. मालाच्या एकाच कप्प्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं ठेवलेली होती. बंबवाल्यांनी टनावारी पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे हेच सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्याच आठवणीत.

आग का सापडत नव्हती? कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे झाडांच्या तंतूंचा मूळ पदार्थ, आणि तो ज्वाळेशिवायही जळतो. तंतूंमध्ये अडकलेली थोडीशी हवासुद्धा त्याला धुमसायला पुरते. दाबून बांधलेल्या गाठीतून उष्णता सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे आत विस्तव आणि वरून हात लावला तर गाठ गार, असं होतं. शिवाय कच्च्या तंतूंवर नैसर्गिक मेण असतं. पाणी वरून ओघळून जातं, आत शिरत नाही.

आपल्या विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, ही आग बहुतेकदा ठिणगीतून सुरू होते. कापसात आलेला खिळा किंवा खडा यंत्रात घासला जातो, बेअरिंगभोवती रुई गुंडाळून ते तापतं, कुणाची विडी पडते. ठिणगी रुईबरोबर गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये जाते आणि गाठीत कोंडली जाते. गाठ गोदामात पोचते, थप्पीला लागते, आणि काही दिवसांनी पेट घेते. तोवर तिच्या आजूबाजूला शेकडो गाठी रचलेल्या असतात. कामगारांना आधी दिसतो तो धूर, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, म्हणून मला तो ज्वाळेपेक्षाही धोक्याचा वाटतो.

उपाय साधे आहेत. कापूस यंत्रात जाण्याआधी वाटेत चुंबक, रोज झाडलेली रुई, वेळेवर तेलपाणी. त्यातही मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: यंत्रात ठिणगी दिसली, तर त्या वेळी बांधलेल्या गाठी थप्पीत रचायच्या नाहीत. त्या उघड्यावर, इतर मालापासून लांब, काही दिवस ठेवायच्या. धुमसणारी गाठ उघडायचीच असेल, तर पाण्याचा पाइप हातात घेऊन बाहेर मोकळ्या जागी उघडायची, कारण गाठीभोवतीच्या पट्ट्या तुटून रुई सैल झाली की हवा आत जाते आणि भडका उडतो. पाण्यात ओलावा मुरवणारं, साबणासारखं रसायन मिसळलं तर ते मेणाला पार करून आतपर्यंत झिरपतं.