एमएसच्या रुग्णांना कोरोना : प्रश्न कुठून आला, उत्तर कसे मिळाले

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या घराघरात एकच धास्ती होती : हा विषाणू आपल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त भोवेल का? त्याला लागूनच दुसरा प्रश्न, औषध चालू ठेवायचे की थांबवायचे? एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचे मायलिनचे आवरण स्वतःच नष्ट करू लागते. उपचार म्हणजे त्या यंत्रणेला घातलेला लगाम. आणि ऐन साथीत गरज होती ती नेमकी त्याच यंत्रणेची.

कोरोना विषाणू आणि मायलिन यांचा संबंध मात्र २०२० मध्ये पहिल्यांदा चर्चेत आला असे नाही. १९४९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मागचे पाय लुळे पडलेल्या उंदरांमध्ये एक विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्याला नाव मिळाले जेएचएम. त्या उंदरांच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा जागोजागी मायलिन गळून गेलेले दिसले. आतले चेतातंतू मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत होते. एमएसच्या रुग्णांमध्ये दिसणाऱ्या चित्राशी हे इतके मिळतेजुळते होते की पुढे कित्येक प्रयोगशाळांनी एमएस समजून घेण्यासाठी हाच उंदीर वापरला. या कुळाला ‘कोरोना’ हे नाव १९६८ मध्ये पडले, आणि जेएचएमही त्याच कुळातला निघाला. अमेरिकेत आयोवाचे स्टॅन्ली पर्लमन आणि पेनसिल्व्हेनियाच्या सुझन वाइस यांनी या उंदरांच्या विषाणूवर अनेक वर्षे घालवली होती. २००३ मध्ये सार्स हा कोरोनाचाच आजार आला आणि पुढे कोविड, तेव्हा कोरोनाची खडान्‌खडा माहिती असलेल्या मोजक्या लोकांत हे दोघे होते.

साहजिकच माणसाच्या एमएसमागेही कोरोनाच आहे का, याचा शोध झाला. १९८० मध्ये डेन्व्हरच्या बर्क्स आणि सहकाऱ्यांनी दोन मृत एमएस रुग्णांच्या मेंदूतून कोरोना विषाणू वेगळे केल्याचे ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. बातमी मोठी होती, पण टिकली नाही. विषाणू वाढवण्यासाठी उंदीर आणि उंदरांच्या पेशी वापरल्या होत्या आणि सापडलेले विषाणू उंदरांच्याच विषाणूंच्या अगदी जवळचे होते, त्यामुळे ते प्रयोगशाळेतूनच नमुन्यात शिरले असावेत ही शंका फिटली नाही. २००० मध्ये कॅनडातल्या पिएर टॅल्बो यांच्या गटाला साध्या सर्दीच्या ओसी४३ या कोरोनाचे अंश एमएस रुग्णांच्या मेंदूत इतरांपेक्षा अधिक वेळा आढळले. हे निरीक्षण दखल घेण्यासारखे आहे, पण कारण सिद्ध करायला पुरेसे नाही. कारणाचा सर्वांत भक्कम पुरावा अखेर दुसऱ्याच विषाणूकडे गेला. २०२२ च्या जानेवारीत हार्वर्डच्या गटाने अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासून दाखवले की एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढतो.

रुग्णाच्या रोजच्या जगण्यात याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते की अंगमेहनतीनंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते; त्यामागे अंग तापणे आहे हे पुढे कळले. मायलिन झिजलेल्या नसेतून संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. तापमान थोडे चढले तरी तो अडतो. म्हणून कोविडच्या तापात एरवी काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्या बाईला पलंगावरून पाय उचलता येईनासा होतो, आणि पॅरासिटामॉल घेऊन, ओल्या पट्ट्या ठेवून ताप उतरला की काही तासांत तोच पाय पुन्हा हलू लागतो. हा नवा झटका, म्हणजे मायलिनवरचा नवा हल्ला, नव्हे. हा फरक माहीत नसला की घाईने झटक्यावरचे स्टिरॉइड सुरू होते, आणि साथीत ते किती महाग पडू शकते हे लवकरच कळायचे होते. खरा झटकाही विषाणूच्या आजारपणानंतर येऊ शकतो. अमेरिकेतले विल्यम सिबली यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की सर्दी-पडशासारख्या संसर्गाच्या आसपासच्या आठवड्यांत झटक्यांचे प्रमाण वाढते.

औषधांचीही हकिगत सांगायला हवी. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा आले, तोवर एमएसची वाट बदलणारे मान्यताप्राप्त औषधच नव्हते. नंतर जास्त प्रभावी औषधे आली आणि त्यांच्याबरोबर संसर्गाची भीतीही. २००४ च्या नोव्हेंबरात आलेले नॅटालिझुमॅब मेंदूच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजारामुळे तीनच महिन्यांत बाजारातून मागे घ्यावे लागले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परतले. तेव्हापासून औषध निवडताना संसर्गाचा हिशोब मांडणे न्यूरॉलॉजिस्टच्या अंगवळणी पडले. मग आली बी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, काढून टाकणारी औषधे : २००८ च्या चाचणीत गुण दाखवणारे रिटुक्सिमॅब आणि २०१७ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्रेलिझुमॅब. आपल्याकडे या गटातले रिटुक्सिमॅबच जास्त चालते, कारण त्याची भारतीय आवृत्ती २००७ पासून मिळते आणि त्यामानाने परवडते. सहा महिन्यांतून एकदा डे-केअरमध्ये जायचे, आधी अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्यायचे, मग कित्येक तास सलाईन लावून बसायचे. एप्रिल २०२० मध्ये ज्यांची ही तारीख होती त्यांच्यापुढे पेच होता. मुंबईची लोकल बंद, इस्पितळे कोविडने भरलेली, आणि औषध लांबवावे तर एमएस डोके वर काढण्याची धास्ती.

उत्तर मिळायला सुरुवात झाली ती इटलीतून, कारण युरोपात पहिला तडाखा तिथे बसला. जिनोव्हाच्या संख्याशास्त्रज्ञ मारिया पिया सोरमानी यांनी देशभरातल्या एमएस केंद्रांकडून एकेका रुग्णाची नोंद मागवली. २०२० च्या एप्रिल अखेरीसच पहिल्या २३२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, त्यातल्या ९६ टक्क्यांचा आजार सौम्य होता. त्या दिवसांत एवढी एक ओळ किती घरांना धीर देऊन गेली असेल! फ्रान्सच्या ३४७ रुग्णांच्या नोंदीत ७३ जणांना इस्पितळात दाखल करण्याइतका किंवा त्याहून गंभीर आजार झाला आणि १२ दगावले. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या वय, लठ्ठपणा आणि एमएसमुळे आलेले अपंगत्व. मग इटलीची ८४४ रुग्णांची मोठी यादी आली. बी-पेशींवरची औषधे घेणाऱ्यांत गंभीर कोविडची शक्यता दुपटीहून अधिक दिसली, आणि आधीच्या महिनाभरात मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांत ती पाच पटींच्या घरात गेली. उत्तर अमेरिकेतल्या १,६२६ रुग्णांच्या नोंदींनीही अपंगत्व, वय आणि अलीकडचे स्टिरॉइड याच गोष्टींवर बोट ठेवले.

म्हणजे ‘एमएस आहे म्हणून धोका’ हे वाक्यच चुकीचे होते. तिशीतली, चालती-फिरती, इंटरफेरॉन घेणारी मुलगी आणि व्हीलचेअरवर असलेले साठीचे गृहस्थ यांना एकाच धाग्यात ओवून घाबरवण्यात अर्थ नव्हता. इटलीच्या यादीतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. दगावलेल्या १३ जणांपैकी ११ जणांचा एमएस सतत वाढत जाणाऱ्या अवस्थेत होता आणि ८ जण एमएसचे कोणतेही औषध घेत नव्हते. साथीच्या भीतीने आपल्या मनाने औषध सोडणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हता, हे यातून दिसते.

२०२१ मध्ये प्रश्न बदलला. लस आली, पण ती लागू पडेल का? इस्रायलमधल्या शिबा इस्पितळाच्या अनात अखिरोन यांनी दोन डोसनंतरची प्रतिपिंडे मोजली. निरोगी माणसांत जवळपास सगळ्यांत, ९७.९ टक्क्यांत, ती तयार झाली होती. ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्यांत २२.७ टक्के आणि फिंगोलिमॉड (प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना लसिकाग्रंथींत अडकवून ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांत अवघ्या ३.८ टक्के. प्रतिपिंडे बनतात बी-पेशींपासून. त्याच नसतील तर नव्या शत्रूविरुद्ध ती येणार कुठून? दिलासा दिला पेनसिल्व्हेनियातल्या संशोधनाने : बी-पेशी नसल्या तरी टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, लसीला चांगला प्रतिसाद देत होत्या. लस वाया जात नव्हती.

महाराष्ट्रातल्या रुग्णांची अडचण याच्याही आधी सुरू झाली होती. एमएस बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो आणि त्यात स्त्रिया जास्त. १ मार्च २०२१ ला सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली ती ४५ ते ५९ वयासाठी. पस्तिशीतल्या, रिटुक्सिमॅब घेणाऱ्या बाईला १ मेपर्यंत थांबावे लागले, आणि तोवर दुसरी लाट शिगेला पोचत होती. एमएसला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, मुंबईत १९८५ पासून रुग्णांची स्वतःची संघटना आहे. तरीही पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी औषधाचा विचार करून वेगळी रांग नव्हती.

रांगेत नंबर लागल्यावर गणिताचा घोळ. तज्ज्ञांचा सल्ला असा, की शेवटच्या सलाईननंतर निदान १२ आठवडे थांबून लस घ्यावी आणि लस पूर्ण झाल्यावर ४ आठवड्यांनी पुढचे सलाईन लावावे. १३ मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. १२ अधिक १२ अधिक ४, झाले २८ आठवडे. आणि सलाईनची पाळी २६ आठवड्यांनी. कमीत कमी अंतर धरले तरी हिशोब बसत नव्हता. कोव्हॅक्सिनचे अंतर ४ ते ६ आठवडे, तिच्यात तो बसे, पण जवळच्या केंद्रावर त्या दिवशी कोणती लस आली असेल हे कुणाच्या हातात होते? ब्रिटनने १ सप्टेंबर २०२१ ला प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना तिसरा डोस मूळ लसीकरणाचाच भाग म्हणून द्यायचे ठरवले. भारतात ‘प्रिकॉशन डोस’ १० जानेवारी २०२२ ला सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या साठीपुढच्यांसाठी. एमएसचे बहुसंख्य तरुण रुग्ण त्यासाठी पात्र ठरले १० एप्रिल २०२२ ला, तेही खासगी केंद्रावर, दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले असतील तर.