कोळंबीच्या सालीच्या कॅप्सूल आणि शुगर: घेण्याआधी वाचा

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "या कॅप्सूलनी डायबेटिस जातो का हो?" नाही जात. आम्हीच विकतो तरी सांगतो, नाही जात. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे असं छापलेली बाटली कुठे दिसली तर लांबच राहा.

कोळंबी-खेकड्याच्या कवचात कायटिन असतं, त्यापासून कायटोसान बनवतात. ते पचत नाही, पोटात जेलसारखं होतं आणि जेवणातलं थोडं फॅट धरून ठेवतं. रोज ३ ग्रॅम घेतलं तर कोलेस्टेरॉल नॉर्मल राखायला मदत होते, हा दावा युरोपात मान्य आहे. शुगरचं म्हणाल तर काही छोट्या अभ्यासांत उपाशीपोटीची शुगर जराशी उतरलेली दिसली, पण तेवढ्यावर मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) किंवा इन्सुलिन बंद करायचं म्हणजे वेडेपणा आहे, आणि लोक करतात म्हणूनच हे एवढं लिहितोय. घेणार असाल तर आधी डॉक्टरांना बाटली दाखवा, मीटरवर शुगर बघत राहा, ७० च्या खाली गेली तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना फोन करा. फरक पडला का ते एचबीए१सीवर (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांनी कळेल, आठवड्यात नाही.

बाकीच्या गोळ्यांमध्ये आणि हिच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा, पाणी भरपूर प्या नाहीतर पोट साफ होत नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, ग्लुकोसामाइनलाही हेच. तेही कवचातलंच, पण ते गुडघ्यांसाठी घेतात, शुगरसाठी नाही.

कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात? मग घेऊच नका. अॅलर्जी मुख्यतः मांसातल्या प्रोटीनची असते हे खरं, पण कवचासोबत त्याचा अंश राहू शकतो, उगाच परीक्षा कशाला.

आणि हो, कोचीच्या सीएमएफआरआयचं (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) डायबेटिसचं कॅप्सूल शिंपल्यांचंच ना, असंही विचारतात. शिंपल्यांचं त्यांचं वेगळं आहे, ते सांधेदुखीसाठी. डायबेटिसवालं समुद्री शेवाळाचं. आमच्या कॅप्सूल मात्र नॉनव्हेज, तेव्हा श्रावण पाळणाऱ्यांनी लेबलवरचा तपकिरी त्रिकोण बघूनच घ्या, सील फोडल्यावर बाटली परत घेत नाही.