गट गप्प का राहतो?

इंटरनेटवरचा एखादा चर्चागट बोलता होतो आणि दुसरा ओस का पडतो, हे समजायला आधी एक जुनी गोष्ट बघू. मार्च २००० मध्ये अमेरिकेत जिमी वेल्स यांच्या कंपनीने इंटरनेटवर ‘न्यूपीडिया’ नावाचा मुक्त ज्ञानकोश सुरू केला. मुख्य संपादक होते तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लॅरी सँगर. हेतू चांगला होता, पैसा होता, यंत्रणा होती, मदतीला तयार असलेले विद्वानही होते. लेख मात्र येईनात. प्रत्येक लेखाला प्रकाशित होण्याआधी सात पायऱ्या चढाव्या लागत. आधी विषयाचं वाटप, मग मुख्य परीक्षकाचा शोध, त्याचं परीक्षण, त्यानंतर खुलं परीक्षण, दोन टप्प्यांत भाषेची तपासणी आणि सर्वांत शेवटी मान्यता. २००३ साली न्यूपीडिया बंद पडला तेव्हा या सगळ्यातून पार झालेले लेख जेमतेम दोन डझन होते.

दरम्यान १५ जानेवारी २००१ रोजी याच मंडळींनी न्यूपीडियाला कच्चा मजकूर मिळावा म्हणून शेजारीच एक साधी जागा उघडली होती. तिथे कुणीही यावं, अर्धवट लेख टाकावा, दुसऱ्याचा लेख दुरुस्त करावा. त्या वर्षाच्या अखेरीस तिथे सुमारे वीस हजार लेख जमले. ही जागा म्हणजे विकिपीडिया.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘बंधनं काढली आणि लोक आले’ अशी सांगितली जाते. पण ती पुरेशी नाही. बेंजामिन माको हिल या संशोधकाने अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असताना विकिपीडियाच्या आधी किंवा तिच्याच सुमारास इंटरनेटवर झालेले ज्ञानकोशाचे, विकिपीडिया धरून, एकूण आठ प्रयत्न तपासले. त्यातले काही न्यूपीडियाइतके कडक अजिबात नव्हते. तरीही विकिपीडियाच्या जवळपास एकही पोहोचला नाही. हिल यांच्या मते विकिपीडिया तंत्रज्ञानात इतरांच्या पुढे नव्हती. तिने मागितलेली गोष्ट लोकांच्या ओळखीची होती. ज्ञानकोशातला लेख कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीच्यांपैकी अनेकांनी नवी कल्पना आणि नवं सॉफ्टवेअर घडवण्यातच शक्ती घालवली. शिवाय विकिपीडियात एखादी चूक दुरुस्त करायला अर्धा मिनिट पुरत असे, आणि लेखावर कुणा एकाचं नाव नसल्यामुळे त्याला हात लावताना कुणाला संकोच वाटत नसे.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की मराठीत एखादा चर्चागट ओस पडला की आपण लगेच माणसांच्या स्वभावावर जातो. ‘आपल्या लोकांना लिहायचा कंटाळा’, ‘मराठी माणसाला फुकट वाचायला हवं’ वगैरे. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि ते घातकही आहे. एकदा स्वभावावर खापर फोडलं की जागा कशी मांडली होती, पहिल्या आठवड्यात तिथे काय घडलं, हे कुणी तपासत नाही.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एक छोटं गणित मांडलं. एका चौकात शंभर माणसं जमली आहेत, वातावरण तापलेलं आहे. प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा आहे: किती जणांनी दगड उचलल्यावर मीही उचलेन? एकाचा उंबरठा शून्य आहे. बाकी कुणी काही करो न करो, तो सुरुवात करणारच. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्व्याण्णव. पहिला दगड उचलतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता सगळा चौक दंगलीत उतरतो.

आता या शंभरांतला फक्त एक माणूस बदलू. ज्याचा उंबरठा एक होता त्याच्या जागी दोन उंबरठ्याचा माणूस उभा करू. पहिला दगड मारतो. पण एकाला पाहून पुढे येणारं आता कुणीच नाही. दोन उंबरठ्याची माणसं दोघे सुरू होण्याची वाट बघत उभी राहतात आणि चौक शांत राहतो. ग्रॅनोव्हेटर यांनी लक्षात आणून दिलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या दोन जमावांचं वर्णन अगदी उलट येईल. एका ठिकाणी माथेफिरूंचा जमाव दिसेल, दुसऱ्या ठिकाणी एक माथेफिरू आणि त्याच्याकडे बघत राहिलेले सभ्य नागरिक. प्रत्यक्षात शंभरातली नव्व्याण्णव माणसं तीच आहेत.

दंगलीच्या जागी बोलणं ठेवा. व्याख्यानानंतर ‘कुणाला काही विचारायचं आहे का?’ असं म्हटल्यावर सभागृह गप्प बसतं, आणि एकाने विचारलं की पाठोपाठ हात वर होतात, हा अनुभव सगळ्यांनी घेतला आहे. सभागृहात निदान सगळे एकाच वेळी हजर असतात. इंटरनेटवरच्या गटात तेही नसतं. सोमवारी एकाने धागा, म्हणजे चर्चेचा नवा विषय, काढला, गुरुवारी दुसऱ्याने, पुढच्या रविवारी तिसऱ्याने, तर गटात तिघे बोलते आहेत. पण त्यातला प्रत्येक जण आला तेव्हा त्याला जागा रिकामीच दिसली. त्यातच संस्थापकाने हौसेने साहित्य, पाककृती, प्रवास, आरोग्य, गुंतवणूक असे बारा विभाग आधीच पाडून ठेवलेले असतात. बारांपैकी दहा विभागांत शून्य लेख. नवा माणूस तीन विभाग उघडून बघतो आणि निघून जातो. अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेल्या रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर आरंभी सगळ्यांसाठी एकच पान होतं. सदस्यांना हवे तितके विभाग काढू देणं २००८ मध्ये आलं, गर्दी झाल्यावर. तिथल्या संस्थापकांनी सुरुवातीला खोट्या नावांनी स्वतःच दुवे टाकून पान भरतं ठेवलं होतं, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. मला ही युक्ती पटत नाही. स्वतःच्या नावाने रोज लिहिलं तरी पान भरतं, आणि विश्वासही टिकतो.

मूक वाचकांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यांच्यावर फार अन्याय होतो. सतत वाचणारा पण कधीच न लिहिणारा, म्हणजे आपल्याकडच्या संकेतस्थळांवर ज्याला ‘रोमात असलेला’ म्हणतात तो, सगळीकडे बहुसंख्य असतो. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ आडाख्यानुसार शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण बहुतेक भार वाहतो. ब्लेअर नॉनेके आणि जेनी प्रीस या संशोधकांनी २००० साली ईमेलवरच्या चर्चागटांची मोजणी केली तेव्हा आकडे विषयानुसार बदलताना दिसले: आजारपणात आधार देणाऱ्या गटांत सरासरी ४५.५ टक्के सदस्य मूक होते, सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांत ८२ टक्के. नंतर त्यांनी अशा वाचकांनाच कारणं विचारली. सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं, ‘लिहायची गरजच पडली नाही, वाचून काम झालं.’ काहींना आधी गट नीट समजून घ्यायचा होता. काहींना वाटत होतं की दुसऱ्यांनी सांगितलेलंच पुन्हा सांगून गर्दी करण्यापेक्षा गप्प राहणं हीच मदत आहे. काहींना ते सॉफ्टवेअरच वापरता येत नव्हतं, तर काहींना गट आवडला नव्हता. यांतल्या बहुतेक कारणांत आळस कुठे आहे?

या आडाख्यातून एक साधा हिशेब निघतो. तीनशे जणांनी नाव नोंदवलं तर नेमाने लिहिणारे तीन. त्यातल्या एकाच्या घरी लग्न निघालं आणि दुसऱ्याची बदली झाली की गट बंद. म्हणून लिहिणाऱ्यांची पहिली फळी दार उघडण्याआधी तयार असावी लागते. २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी प्रोग्रामरांसाठी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा दोघांच्याही लेखनाचा मोठा वाचकवर्ग आधीपासून होता आणि तोच पहिल्या दिवशी तिथे आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रश्नांना उत्तर मिळाल्याचं, आणि पहिलं उत्तर येण्याचा मध्यक वेळ फक्त ११ मिनिटं असल्याचं, म्हणजे निम्म्या प्रश्नांना त्याच्या आतच पहिलं उत्तर मिळाल्याचं दिसलं. पुढे त्याच कंपनीने इतर विषयांसाठी जागा काढताना इच्छुकांना आधी नमुना प्रश्न सुचवायला लावले, मग ‘मी इथे लिहीन’ असा शब्द द्यायला लावला, आणि पुरेसे लोक बांधले गेल्यावरच ती जागा उघडली. म्हणजे उंबरठ्यांची साखळी आधी जुळवून घेतली.

तरीही पहिल्यांदा लिहिणाऱ्या माणसाचं काय होतं, यावर बरंच अवलंबून राहतं. एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट या संशोधकांनी २००६ मध्ये सहा सार्वजनिक चर्चागटांत प्रथमच लिहिणाऱ्या २,७७७ जणांचा मागोवा घेतला. ज्यांना प्रतिसाद मिळाला ते पुन्हा लिहिण्याची शक्यता जास्त होती. इथवर अपेक्षितच आहे. पुढची गोष्ट मला विलक्षण वाटते: प्रतिसाद गोड होता की रुक्ष, त्यात प्रश्नाचं उत्तर होतं की नव्हतं, याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी दखल घेतली, एवढंच मोजलं गेलं. ‘मला यातलं माहीत नाही, पण प्रश्न चांगला आहे, विचारून सांगतो’ हे वाक्य लिहायला तज्ज्ञ लागत नाही. मराठीत नवा गट काढणाऱ्या कुणालाही माझं कळकळीचं सांगणं आहे की मुखपृष्ठाच्या सजावटीत जाणारा वेळ पहिले काही महिने या एका कामाला द्या. कुणाचाही पहिला धागा प्रतिसादाविना रात्र काढणार नाही, एवढं बघा.

गट मोठा झाला की वेगळी अडचण येते. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. आठ जण एकत्र ओढत तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जवळपास निम्मा भरला. काही नुकसान एकाच क्षणी जोर न लागल्यामुळे होतं, पण १९७९ पासूनच्या टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत दिसलं की आपला वाटा गर्दीत वेगळा ओळखू येणार नाही असं वाटलं की माणूस हात आखडता घेतो. चर्चागटातला ‘कुणाला माहीत असेल तर सांगा’ हा प्रश्न म्हणूनच हवेत विरतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मूव्हीलेन्स’ या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर संशोधकांनी काही सदस्यांना कळवलं की तुमची आवड इतरांपेक्षा वेगळी असल्याने तुमचं मत विशेष उपयोगी आहे. त्या सदस्यांनी जास्त गुण दिले. कोकणात राहणाऱ्या सदस्याला नाव घेऊन पावसाळी रानभाज्यांबद्दल विचारणं, हे त्याचंच घरगुती रूप.

मराठीपुरतं बोलायचं तर १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ‘मायबोली’ ही इंटरनेटवरची मराठी चर्चांची जागा आजही नांदती आहे. संगणकावर मराठी सहज लिहिता-वाचता यावी म्हणून आलेली युनिकोड पद्धत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. परदेशी गेलेल्या मराठी माणसांना तेव्हा आपल्या भाषेत बोलायला दुसरी जागा जवळपास नव्हतीच, हे तिच्या टिकण्याचं एक कारण. पण मला दुसरं कारण अधिक महत्त्वाचं वाटतं. दरवर्षीचा ऑनलाइन गणेशोत्सव आणि त्यासाठी सदस्यांतूनच निवडलेलं संयोजक मंडळ, पावसाळ्यातला वर्षाविहार, गावोगावची गटगं, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष भेटी. ठरलेल्या तारखा आल्या की विखुरलेले लोक एकाच आठवड्यात एकाच जागी दिसतात, आणि अनेकांचे उंबरठे एकदमच ओलांडले जातात. संयोजनाचं काम अंगावर घेतलेला माणूस सहसा पुन्हा रोमात जात नाही.

भरभराट झाल्यावरही धोका टळत नाही, हे विकिपीडियानेच दाखवलं. इंग्रजी विकिपीडियावर दरमहा सक्रिय असणाऱ्या संपादकांची संख्या २००७ मध्ये पन्नास हजारांच्या वर गेली आणि मग वर्षानुवर्षं घसरत राहिली. संशोधक ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा शोध घेतला. खोडसाळ बदल रोखण्यासाठी केलेले नियम आणि आपोआप चालणारी साधनं नवख्यांचे प्रामाणिक, चांगले बदलही उडवत होती. ज्यांचं पहिलंच काम असं नाकारलं गेलं ते परत येईनासे झाले. न्यूपीडियाच्या सात पायऱ्या ज्या विकिपीडियाने टाळल्या होत्या, तिच्याच अंगणात नव्या पायऱ्या उभ्या राहिल्या होत्या.

२०१२ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने काही जाणत्या संपादकांना सोबत घेऊन ‘टीहाउस’ नावाचा कोपरा काढला. नवख्याने कितीही साधा प्रश्न विचारावा आणि यजमान म्हणून बसलेल्या अनुभवी संपादकाने त्याला सौजन्याने उत्तर द्यावं, एवढंच तिथलं काम. पुढे जोनाथन मॉर्गन आणि हाफेकर यांनी काही नवख्यांना या कोपऱ्याचं निमंत्रण पाठवलं आणि काहींना पाठवलं नाही, आणि दोन्ही गटांवर कित्येक महिने नजर ठेवली. निमंत्रण मिळालेल्यांमध्ये संपादन करत राहिलेल्यांचं प्रमाण जास्त होतं.