घरातली जुनी गाडी ट्रॅकवर कशी पोचली

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात गेल्या महिन्यात एक मारुती इस्टीम पाहिली. सीटा, कार्पेट, दारांची पॅडं, छताचं कापड, सगळं काढून टाकलेलं. आत नुसता पत्रा आणि त्याला वेल्ड केलेला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी पाइपांचा पिंजरा. मागच्या काचेवरचा सोसायटीच्या पार्किंगचा स्टिकर तेवढा राहिला होता. कधीकाळी ही गाडी एखाद्या कुटुंबाला गणपतीत कोकणात घेऊन गेली असेल. आता ती सर्किट रेसिंगसाठी, म्हणजे बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तयार होतेय.

घरातल्या जुन्या गाड्या शर्यतीत पळवायच्या या खेळाची मुळं ब्रिटनमध्ये सापडतात. १९२२ साली आलेली ऑस्टिन सेव्हन ही मध्यमवर्गाची छोटी गाडी. पुढे तिचे जुने नग स्वस्तात मिळू लागले आणि १९३९ साली तिच्या शौकिनांनी ७५० मोटर क्लब काढला. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमननं अशाच जुन्या ऑस्टिनवर आपली पहिली स्पर्धेची गाडी बांधली. लोटस या रेसिंग गाड्यांच्या कंपनीची सुरुवात ती.

पण गाडी स्वस्त म्हणून शर्यत स्वस्त होत नाही. ज्याचा खिसा मोठा तो भारी इंजिन बांधतो आणि बाकीचे मागे पडतात. म्हणून सगळ्यांनी एकच मॉडेल पळवायचं, ही युक्ती निघाली. १९६६ मध्ये फ्रान्सनं रेनॉ ८ गोर्डिनीची अशी मालिका सुरू केली. ऑस्ट्रेलियानं ही कल्पना अगदी सामान्य माणसाच्या दारात नेली. १९७१ ते ७४ दरम्यानची होल्डन एचक्यू ही तिथली घरोघरची गाडी, जवळपास ४ लाख ८५ हजार खपलेली. त्यामुळे सुटे भाग मुबलक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिच्या शर्यती सुरू झाल्या: सगळ्यांना ३.३ लिटरचं तेच सहा सिलिंडरचं इंजिन आणि फेरफारांवर कडक बंधनं. पुढे नव्वदच्या दशकातल्या ह्युंदाई एक्सेलचा नंबर लागला. अशा शर्यतींत इंजिनाला वीज मीटरसारखं सील लावतात. ते तुटलं तर जाब द्यावा लागतो. मला तरी हे सील रोल केजइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्याच्यामुळेच निकाल पैशावर न ठरता हातावर ठरतो.

आपल्याकडे हा विचार रुजवला कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन एकआसनी गाडीत बसवून त्यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्याची सुरुवात त्यातच झाली. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानांच्या धावपट्टीवरच्या शर्यती मागे पडल्या, १९९० मध्ये चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. १९९४ साली आलेली इस्टीम, १२९८ सीसीची आणि वजनाला हलकी, तिथे वर्षानुवर्षं पळाली. २०१० मध्ये फोक्सवॅगनचा पोलो कप आला खरा, पण तो कंपनीच्या नव्याकोऱ्या गाड्यांचा. घरातल्या जुन्या गाडीला त्यात जागा नव्हती.

ठाणे-नवी मुंबईत असा ट्रॅक नाही. म्हणून पोरं रात्री पाम बीच रोडवर गाड्या पळवतात आणि तिथे जीव जातात. त्यांना हक्काची, नियमांची जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वागळेची इस्टीम कोइम्बतूरजवळच्या चेट्टिपालयमला जाणार आहे, करिवर्धन यांच्या नावाच्या ट्रॅकवर. हजार किलोमीटरहून जास्त अंतर, तेही ट्रकवर चढवून. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाचं काम आटपलंय, आता भाड्याचा मेळ बसवतोय."