यादी नसलेल्यांमधला एचआयव्ही कसा मोजतात?

भारतातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र २०१४-१५च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ते ४.३ टक्के निघालं. त्यासाठी भेटीगाठींच्या जागा आणि वेळा यांची यादी करून निवड केली होती. पण जो बागेत, स्टेशनवर फिरकतच नाही, मोबाइलवरच भेट ठरवतो, घरी बायको-मुलं आहेत, तो या यादीत येणार कसा?

यावरची एक पद्धत समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी १९९७ साली मांडली. वेगवेगळ्या वर्तुळांतले सहा-आठ जण निवडायचे. मुलाखत आणि तपासणी झाली की प्रत्येकाला साधारण तीन कूपनं द्यायची, ती त्याने ओळखीतल्या अशाच पुरुषांना द्यायची; ते आले की त्यांनाही तसंच. तीनच, कारण जास्त दिली तर एकच मित्रमंडळ अभ्यास भरून टाकतं. कूपनावर क्रमांक, पत्ता आणि मुदत एवढंच. तिथे ‘गे’ छापलं आणि ते घरच्यांच्या हाती लागलं, तर त्या माणसाचं काय होईल, ते सांगायला नको.

सगळा हिशेब एका प्रश्नावर उभा असतो: या शहरात तुमच्या ओळखीचे असे किती जण आहेत, आणि त्यांतले किती महिन्याभरात भेटले? पन्नास ओळखी असलेल्यापर्यंत कूपन सहज पोचतं, पाच ओळखी असलेल्यापर्यंत क्वचित. म्हणून हिशेबात दुसऱ्याच्या उत्तराला पहिल्याच्या दहापट वजन देतात. लोक इथे ‘दहा’, ‘वीस’ असे गोल आकडे ठोकून देतात आणि वजनं बिघडतात. भाग घेण्याचं मानधन जास्त ठेवलं की कूपनं विकली जातात, तोच माणूस दुसऱ्या नावाने येतो. त्याला ओळखायला बोटांचे ठसे मागितले तर पोलिसांच्या धास्तीने कुणी येणार नाही; त्यापेक्षा मनगटाचं आणि कोपरापासून हाताचं माप घेतलेलं बरं.

बोटातल्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतले, तर तो आडवा ठेवून सावलीत किमान चार तास, शक्यतो रात्रभर वाळवतात. मुंबईच्या पावसाळ्यात घाई केली की नमुना पाकिटात सादळतो. ओल शोषणारी पुडी पाकिटात हवीच.

समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. एचआयव्ही कायदा त्याच महिन्याच्या १० तारखेला लागू झाला. हा कायदा तपासणीसाठी समजून-उमजून दिलेली संमती मागतो. निनावी सर्वेक्षणाला त्यातून सूट आहे, पण हेतू सांगावाच लागतो. निनावी नमुन्याचा निकाल त्या माणसाला मिळत नाही. म्हणून त्याच भेटीत, वेगळी संमती घेऊन, समुपदेशनासह तपासणी देऊ करावी आणि बाधा निघाल्यास मोफत औषधोपचार केंद्राशी गाठ घालून द्यावी. तिथे कुणी उपचार नाकारले, तर या कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आदेशाची मुदत ३० दिवस, तातडीचा प्रसंग असेल तर शक्यतो २४ तास.