उभी गाडी आणि विरघळणारं तांबं

आमच्या सोसायटीतले एक काका-काकू मुलीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने परदेशी गेले होते. इलेक्ट्रिक गाडी तेवढे दिवस पार्किंगमध्ये उभी. परत आल्यावर काकांनी किल्लीचं बटण दाबलं तर एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. "निम्मी चार्ज करून ठेवली होती, गेली कुठे वीज?" मेकॅनिक आला. रिमोटच्या पोटातली पातळ चावी काढून त्याने दार उघडलं, बोनेट उचललं आणि आतल्या एका छोट्या बॅटरीला जंपस्टार्टरचे चिमटे लावले. दोन मिनिटांत स्क्रीन उजळली. चार्ज 47 टक्के.

गाडी पळवणारी मोठी बॅटरी ठणठणीत होती. बसली होती ती 12 व्होल्टची धाकटी. गाडी बंद असते तेव्हा सुरक्षेसाठी मोठी बॅटरी जाड विद्युत-स्विचांनी बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते, आणि ते स्विच जोडायला लागणारी वीज येते धाकटीकडून. दाराचं कुलूप, रिमोटचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, मोबाइल नेटवर्कशी बोलणारं सिमकार्ड, सगळे तिच्यावरच जगतात. ती बसली की विहीर तुडुंब, पण पोहऱ्याला दोर नाही.

काकांचं थोडक्यात निभावलं. 2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेस्ला कंपनीच्या रोडस्टर या इलेक्ट्रिक गाडीच्या ज्या मालकांच्या तक्रारी गाजल्या, त्यांचं निभावलं नव्हतं. महिनोन्‌महिने चार्जिंगला न लावलेल्या त्यांच्या गाड्यांची मोठी बॅटरीच कायमची गेली होती. नवी बसवायचा खर्च सुमारे 40,000 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 20 लाखांच्या आसपास, आणि वॉरंटीत काही नाही. अशा गाडीला तिकडे 'ब्रिक' म्हणू लागले, म्हणजे वीट. गंमत अशी की त्या बॅटरीच्या रचनेतही 'ब्रिक' होत्याच. 69 सेल शेजारी शेजारी जोडले की एक ब्रिक, आणि अशा 99 ब्रिक एकामागे एक. एकूण 6,831 सेल.

रोडस्टरच्या बॅटरीत साधारण 53 युनिट वीज मावायची. पूर्ण भरून नुसती उभी ठेवली तर ती 11 आठवड्यांत रिकामी होते, असं गाडीच्या माहितीपुस्तिकेतच होतं. भागाकार केला तर सुमारे 29 वॅट येतात, म्हणजे घरातला कमी वीज खाणारा एक बीएलडीसी पंखा रात्रंदिवस चालू ठेवावा तेवढे. लिथियम-आयन सेल स्वतःहून फार हळू उतरतो, महिन्याला एक-दोन टक्के. बाकीची वीज खातात ती बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि तिची भावंडं. राखणदारानेच कोठार संपवावं, तसा प्रकार.

पण पेट्रोल संपलं तर टाकी खराब होत नाही. मग बॅटरी रिकामी झाल्यावर का मरते?

सेलच्या ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर ग्रॅफाइटचा थर. वीज काढताना ग्रॅफाइटमधलं लिथियम आपले इलेक्ट्रॉन देतं आणि आयन होऊन पलीकडे जातं. लिथियम संपलं तरी वरून मागणी चालूच राहिली, की सेलचं व्होल्टेज शून्याकडे घसरतं. एकामागे एक जोडलेल्या सेलांत सगळ्यांत अशक्त सेलवर ही पाळी आधी येते, कारण बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. द्यायला दुसरं काही उरलं नाही की तांबंच इलेक्ट्रॉन देऊ लागतं आणि विरघळून आतल्या द्रवात उतरतं.

इथपर्यंतही सेल शांत दिसतो. खरा घात पुन्हा चार्ज करताना होतो. विरघळलेलं तांबं परत साचतं, पण पूर्वीच्या जागी गुळगुळीत पत्रा होऊन नव्हे, तर कुठेही, वेडंवाकडं, सुयांसारखं. दोन बाजूंमधला प्लॅस्टिकचा पडदा जेमतेम 20-25 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. सुई आरपार गेली की आतल्या आत शॉर्ट सर्किट. म्हणूनच अशी बॅटरी चार्जरला जोडली तरी गाडी वीज घ्यायला नकार देते. ते नाटक नसतं, आग टाळणं असतं.

टेस्लाचं तेव्हा म्हणणं होतं की ऑइल बदललं नाही तर इंजिनही खराब होतंच, देखभाल मालकाने करायची. मला ही तुलना पटत नाही. ऑइलवाचून इंजिन चालवल्याने मरतं, ही गाडी नुसती उभी राहून मेली. पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीने चार्ज फार उतरला की गाढ झोपेत जाण्याची सोय केली, हे बोलकं आहे. आता स्क्रीनवरचा शून्य म्हणजे सेलचा शून्य नसतो, खाली थोडी शिल्लक राखलेली असते. तरी पाच टक्क्यांवर गाडी सोडून चार महिने गावी जाऊ नये. शंभरावरही नको, भरलेली बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते. निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि पार्किंगमध्ये पहारा देणारे कॅमेरे बंद करावेत.

तांब्याऐवजी स्वस्त, हलकं ॲल्युमिनियम का नाही वापरत? कारण ऋण बाजूला लिथियम त्याच्याशी मिश्रधातू करतं आणि पत्रा भुगा होतो. सोडियमला ही खोड नाही. त्यामुळे सोडियम-आयन सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, विरघळायला तांबंच नसतं आणि असा सेल शून्य व्होल्टला आणूनही ठेवता येतो. पुण्याच्या केपीआयटी या वाहन-सॉफ्टवेअर कंपनीने आयसर पुणे या विज्ञानसंस्थेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. वजनाच्या मानाने त्यात वीज कमी मावते, ही अडचण अजून आहेच.

काका-काकू थंडीत पुन्हा निघालेत. या वेळी किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी अर्धा तास गाडी चालू करून ठेवायची, म्हणजे मोठी बॅटरी धाकटीला भरवते.